ग्राफिक्स कार्डाचा ताप

आमच्या मोखाडा तालुक्यांत एप्रिल-मे हे लग्नसराईचे महिने, आणि तेच कडक उन्हाचेहि. या दोन गोष्टी एका वेळीं आल्यामुळें एका घरावर कसा प्रसंग ओढवला, व त्याच्या निवारणासाठीं आम्हांस उष्णतेच्या शास्त्राचीं जुनीं पानें पुन्हां कशीं चाळावीं लागलीं, हें येथें सांगावयाचें आहे.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी लग्नसमारंभांच्या चित्रफिती तयार करून देण्याचा धंदा करितो. घराच्या पुढील पडवींत, पत्र्याच्या छपराखालीं, त्याचा संगणक मांडलेला आहे. समारंभाचीं चित्रें घेणें हें धंद्याचें अर्धें अंग. तीं कापून, जोडून, रंग सुधारून बोललेल्या दिवशीं वधूवरांच्या घरीं पोंचविणें हें दुसरें. हें दुसरें काम बव्हंशीं संगणकांतील 'ग्राफिक्स कार्ड' या भागावर अवलंबून असतें. गेल्या उन्हाळ्यांत हें कार्ड ऐन कामांत दगा देऊं लागलें. अर्धें काम झालें न झालें तोंच पडदा काळा होई, आणि दोन तासांची मेहनत वायां जाई. तीन घरांचे पैसे आगाऊ घेतलेले व खर्चहि झालेले. नवें कार्ड आणावें तर दोन महिन्यांची कमाई त्यांत जाणार. आम्ही सहज त्याच्या घरीं गेलों असतां त्याची आई म्हणाली, "गुरुजी, पोर रात्रभर जागतो. त्या पेटीला ताप येतो म्हणतो. पेटीला कसला आलाय ताप?"

त्या माउलीचा प्रश्न शास्त्राच्या दृष्टीनें अगदीं रास्त होता. त्याचेंच उत्तर आम्ही आधीं देतों.

संगणकाचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी होय. साधारण पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० असे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात, व सेकंदास साठ वेळां ती रांगोळी पुसून नव्यानें काढली जाते. म्हणजे दर सेकंदास बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावयाचा! हें काम एका हुषार कारकुनाचें नव्हे; त्याला शेंकडों साध्या कारकुनांचा ताफाच लागतो. तसा ताफा ज्या चिपमध्यें बसविलेला असतो ती चिप ज्यावर आहे तें हें कार्ड. आमच्या मित्राचें कार्ड एनव्हिडिया कंपनीनें २०१६ सालीं काढलेल्या जीटीएक्स १०५० टीआय या जातीचें, जुन्या बाजारांतून घेतलेलें. त्याच्या चिपचा आकार १३२ चौरस मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा. त्यांत असे ७६८ लहान गणक, व एकंदर सुमारें ३३० कोटी विद्युत्-खटके आहेत. प्रत्येक खटका उघडतांना व मिटतांना यत्किंचित् वीज खर्चितो. ती वीज कोठें जाते? गिरणीची वीज पीठ दळते, पंपाची पाणी चढविते; या कार्डाची वीज हिशेब करिते खरी, पण हिशेबाला वजन नाहीं कीं उंची नाहीं. तेव्हां जेवढी वीज आंत गेली तेवढी जवळजवळ सारीच्या सारी उष्णता होऊन बाहेर पडते. या जातीच्या कार्डांत ती ७५ वॅट असते.

पंचाहत्तर वॅट म्हणजे जुना कांचेचा दिवा, त्यांत एवढें काय, असें कोणी म्हणेल. पण हिशेब क्षेत्रफळाचा करावा. हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारें दोनशें चौरस सेंटिमीटर धरला तर दर चौरस सेंटिमीटरास पांच वॅट पडतात. येथें नखाएवढ्या जागेंतून पन्नासएक वॅट तरी बाहेर पडूं पाहतात. म्हणजे ही चिप इस्त्रीच्या तळाहून, जागेच्या मानानें, आठ-दहापट अधिक उष्णता ओतते. आणि इस्त्रीनें तापावें अशी आपली इच्छा असते, हिनें तापूं नये अशी असते. चिप साधारण ऐंशी-नव्वद अंशांच्या घरांत पोंचली कीं ती स्वसंरक्षणार्थ आपली गति कमी करते. त्याहूनहि तापली तर काम टाकून देते. आईनें ज्यास ताप म्हटलें तो हाच, आणि काळा पडदा ही ग्लानि.

ही उष्णता घालविण्याची जी व्यवस्था कार्डावर असते ती मोठी पाहण्यासारखी आहे. चिपच्या पाठीवर तांब्याचा अथवा ॲल्युमिनियमचा ठोकळा दाबून बसविलेला असतो व त्यास पातळ पत्र्यांच्या शेंकडों पाकळ्या असतात. याला हीट सिंक म्हणतात. पाकळ्या कशासाठीं? धातूंतून उष्णता सहज धांवते, पण हवेच्या अंगीं ती घेण्याची शक्ति फार थोडी. तांब्याची उष्णतावाहकता सुमारें ४०० मानली तर त्याच मापानें ॲल्युमिनियमची २३५ च्या आसपास, आणि स्थिर हवेची अवघी ०.०२६! म्हणून हवेला भेटणारें अंग शक्य तितकें विस्तृत करावें लागतें. ओला कपडा आपण चुरगळून न ठेवतां पसरून वाळत घालतों, तसेंच हें. कित्येक हीट सिंकांत तांब्याची बंद नळीहि असते. तिच्यांत थोडें पाणी कमी दाबाखालीं कोंडलेलें असतें. तें चिपकडील टोंकास वाफ होऊन दुसऱ्या टोंकाकडे जातें, तेथें निवून पुन्हां पाणी होतें, व नळीच्या आंतील जाळींतून झिरपत परत येतें. भाताच्या भांड्यावरील झांकणाखालीं जें घडतें तेंच येथें अखंड चालू असतें. या युक्तीचें पेटंट अमेरिकेंत रिचर्ड गॉगलर यानें १९४२ सालीं मागितलें. पण तिचा खरा उपयोग १९६३ सालीं लॉस अलामॉस येथील जॉर्ज ग्रोव्हर यानें दाखविला, तोहि अंतराळयानांच्या कामासाठीं. आज ती नळी मोखाड्याच्या पडवींत आहे.

शेवटीं पंखे. ७५ वॅट उष्णता वाहून नेतांना हवा दहाच अंश तापावी अशी इच्छा असेल, तर दर सेकंदास सुमारें सहा लिटर हवा पाकळ्यांतून गेली पाहिजे; म्हणजे दर अडीच सेकंदांस एक मोठी घागर भरून. हें गणित वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावें; हवेची घनता १.२ व विशिष्ट उष्णता १००५ धरावी.

असो. आम्ही विज्ञान-मंडळांतील नववीच्या तीन विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन एका शनिवारीं दुपारीं त्या घरीं गेलों. आमच्या मित्रानें आधींच एक उपाय केला होता: संगणकाच्या पेटीचें एका बाजूचें झांकण काढून समोर टेबलावरचा मोठा पंखा लावला होता. एक दिवस गुण आला, असें तो म्हणाला. पुढें काय झालें तें झांकणाआड पाहिल्यावर कळलें. एप्रिलांत आमच्याकडील रस्त्यांची तांबडी धूळ कशी उडते हें येथील रहिवाशांस सांगावयास नको. टेबलावरच्या पंख्यानें ती सारी आंत लोटली होती. पाकळ्यांच्या मधील फटी धुळीनें व कापसासारख्या तंतूंनीं बुजून गेल्या होत्या. एका कोपऱ्यांत मुंग्यांनीं संसार थाटला होता. आणि कार्डावरील दोन पंख्यांपैकीं एक मुळींच फिरत नव्हता. ज्यास उपाय मानलें त्यानें रोग वाढविला होता.

कामास लागण्यापूर्वीं आम्हीं एक थर्मामीटर भिंतीस टांगला. कार्डाची उष्णता दाखविणारा प्रोग्राम संगणकांत फुकट मिळतो. पण तो एकच आंकडा फसवा असतो. ज्या खोलीची हवा ३९ अंश आहे तेथें कार्ड ८९ वर असणें, आणि मार्गशीर्षांतील २० अंशांच्या थंडींत तें ७० वर असणें, हीं एकाच दुखण्याचीं दोन रूपें आहेत. दोन्हीकडे अंतर पन्नासच. म्हणून खोलीचा आंकडा वजा करून उरेल तें टिपावें. त्या दिवशीं खोली ३९ अंश होती. काम सुरू करतांच कार्ड चढत चढत ९६ वर गेलें, तेव्हां आम्हींच तें थांबविलें. अंतर सत्तावन्न, आणि तेंहि वाढतें.

नंतर भिंतीवरील प्लग काढला. (बटण बंद करून भागत नाहीं, प्लगच काढावा. आणि ज्या डब्यांत २३० व्होल्टची वीज येते तो वीजपुरवठ्याचा डबा, ज्यास एसएमपीएस म्हणतात, तो कोणीहि, कोणत्याहि निमित्तानें, उघडूं नये. प्लग काढल्यावरहि त्यांत जीव घेण्याइतकी वीज सांठलेली राहूं शकते. पालकांनीं ही एक गोष्ट मुलांकडून पाठ करून घ्यावी.) पेटीच्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर वीज घालविली व कार्ड अलगद बाहेर काढलें. ज्या कार्डाच्या हमीची मुदत चालू असेल त्याच्या स्क्रूंस हात लावण्याआधीं दुकानदारास विचारावें. आमच्या कार्डाची हमी केव्हांच संपलेली होती, त्यामुळें भीति एवढीच कीं बिघडलें तर भरून देणारा कोणी नाहीं. ही भीति लहान नव्हती. स्क्रू सोडवितांना त्या मुलाची आई दाराशीं उभी होती, आणि आमच्या हाताला कंप सुटला होता हें कबूल करण्यास आम्हांस लाज वाटत नाहीं.

मऊ ब्रशनें व हातानें दाबावयाच्या रबरी ब्लोअरनें धूळ काढली. पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवलीं. कारण वाऱ्याच्या झोतानें तीं भलत्या वेगानें फिरलीं तर पंख्याच्या अंगाला इजा होते. बंद पंख्याच्या मधोमध चिकटविलेला कागद उचलून आंत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला. बैलगाडीच्या आंसाला वंगण लागतें तसें यालाहि लागतें. खोबरेल मात्र घालूं नये. थंडींत तें गोठतें व पुढें चिकट होतें. पंखा फिरूं लागला, पण घरघर करीत; त्याचे दिवस भरले होते हें उघड होतें. तरी एवढ्यानेंच ९६ चे ८४ झाले. तासभराचें काम, खर्च शून्य. आमचें मत असें कीं दहांतील सात कार्डांस याहून अधिक कांहीं लागत नाहीं.

आतां दुसरा टप्पा. चिप व तिच्यावरील धातूचा ठोकळा डोळ्यांस कितीहि गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म खड्ड्यांनीं भरलेले असतात. त्या खड्ड्यांत हवा राहते, व हवा म्हणजे उष्णतेच्या वाटेवरील कांटेरी कुंपण. म्हणून मध्यें थर्मल पेस्ट नांवाचा लेप भरतात. हा लेप हवेहून शेंकडोंपटीनें चांगला, पण तांब्याहून कितीतरी हलका. सबब खड्डे भरतील इतकाच लावावा, जाड थापूं नये. जुना लेप वाळून खडूसारखा झाला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलनें भिजविलेल्या कापडानें तो पुसला, चिप आरशासारखी झाली, आणि हरभऱ्याच्या डाळीएवढा नवा लेप मधोमध ठेवून वरून ठोकळा दाबला. दांतांच्या पेस्टनें काम भागतें असें सांगणारे लोक भेटतात. दोनचार दिवस भागतेंहि. मग पाणी उडून जातें आणि उरतो तो चुना.

आणि येथेंच आमची चूक झाली. कार्डावरील स्मृतीच्या लहान चिपांवर रबरासारख्या मऊ पट्ट्या असतात. त्यांस थर्मल पॅड म्हणतात. काढतांना त्या फाटल्या. नाशिकहून मागविलेल्या नव्या पट्ट्या दीड मिलिमीटर जाडीच्या होत्या. जुन्या एक मिलिमीटरच्या. अर्ध्या मिलिमीटरानें काय होतें, असें आम्ही म्हणालों. सर्व स्क्रू आवळून काम सुरू केलें, तों चार मिनिटांत आंकडा ९१! नवा लेप, स्वच्छ पाकळ्या, आणि ताप पूर्वीपेक्षां अधिक. क्षणभर कोणास कांहीं सुचेना. आमच्या मित्राचा चेहरा पाहवत नव्हता. मग तिघांतील एका विद्यार्थ्यानें कार्ड डोळ्यांच्या पातळीस धरून कडेनें पाहिलें, व म्हणाला, "सर, चिपपाशीं उजेड दिसतो." जाड पट्ट्यांनीं ठोकळा उचलून धरला होता, तो चिपला नीट टेकतच नव्हता! चौरंगाचा एक पाय लांब असला कीं दुसरा अधांतरीं राहतो, तसा प्रकार. एक मिलिमीटरच्या पट्ट्या येण्यास आठ दिवस लागले. तेवढ्यांत त्यानें एका घरीं जाऊन मुदत वाढवून मागितली. योग्य पट्ट्या बसल्यावर आंकडा ७६ वर स्थिरावला.

खरा फेरफार यापुढील आहे. कार्डाचे पंखे व त्यांवरील प्लास्टिकचें आवरण काढून टाकलें, आणि उघड्या पाकळ्यांवर ९२ मिलिमीटरचे दोन साधे पंखे, जे संगणकाच्या पेटीस लावतात ते, प्लास्टिकच्या केबल टायनीं बांधले. वारा पाकळ्यांच्या दिशेनें जावा, उलट नव्हे. पंख्याच्या चौकटीवर बहुधा बाण असतो, तो पाहावा. मोठा पंखा सावकाश फिरवावा, लहान पंखा जोरानें नको. कारण वारा वेगाच्या प्रमाणांत वाढतो, पण त्यासाठीं लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते; वेग दुप्पट केला तर वारा दुप्पट, खर्च आठपट, आणि गोंगाट कान किटण्याइतका. २००३ सालीं जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा नांवाचें एक कार्ड निघालें होतें. त्याचा पंखा एवढा ओरडे कीं लोकांनीं त्यास पालापाचोळा उडविण्याच्या यंत्राची उपमा दिली, आणि शेवटीं ती थट्टा कंपनीलाहि हंसून स्वीकारावी लागली.

हे पंखे कार्डावरील लहान खोबणीला जोडूं नयेत. ती खोबण तिच्या स्वतःच्या पंख्यांपुरतीच वीज देते. अधिक ओढली तर जळते. आम्हीं ते मुख्य बोर्डावरील पंख्याच्या जागीं जोडले व मध्यम वेगावर कायम ठेवले. यांत एक उणीव आहे: कार्ड तापलें म्हणून पंखा आपोआप वेग घेत नाहीं. पण अखंड चालणाऱ्या कामांत ती जाणवत नाहीं. आंकडा ६७ वर आला.

याहून पुढची युक्ति विनाहत्यारांची आहे. चिपमधील विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. १.०५ व्होल्टाऐवजीं ०.९५ व्होल्ट दिले, आणि गति तीच ठेवली, तर खर्च शेंकडा अठरानें उतरतो. प्रत्येक चिप हें सोसतेच असें नाहीं; थोडें थोडें कमी करीत जावें, व काम अडखळूं लागलें कीं एक पायरी मागें यावें. आमच्या मित्राच्या चिपनें सोसलें. आंकडा ६१. खोली त्याहि दिवशीं ३९ अंश होती; म्हणजे अंतर सत्तावन्नाचें बाविसावर आलें.

या ठिकाणीं दोन धोक्यांविषयीं लिहिणें अवश्य आहे. कोणी म्हणालें, पेटीजवळ बर्फाचें भांडें ठेवा. कोणी म्हणालें, ओला पडदा लावा. माठांतील पाणी बाहेरील हवेहून थंड होतें तें पाझरलेल्या पाण्याची वाफ होते म्हणून. पंखा तसें करूं शकत नाहीं, तो फार तर कार्डास खोलीच्या हवेजवळ आणील, तिच्या खालीं कधींच नाहीं. मग ओला पडदा कां नको? एप्रिलच्या कोरड्या हवेंत तो खोली थंड करील हें खरें. परंतु बर्फापाशीं थंड झालेल्या धातूवर दंव जमतें, आणि विजेच्या वाटांवर पाण्याचा एक थेंब पुरे होतो. पावसाळ्यांत तर ओल्या पडद्याचा उपयोगच नाहीं. ज्या तालुक्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो तेथें श्रावणांतील हवेंत आणखी वाफ मावणार कोठें? त्या दिवसांत संगणक बंद ठेवण्यापेक्षां रोज थोडा वेळ चालविलेला बरा. स्वतःच्या उबेनें तो कोरडा राहतो.

पाण्यानेंच यंत्र थंड करण्याची रीत मोठ्या ठिकाणीं आहे, पण ती बंद नळ्यांतून. अमेरिकेनें क्रे जातीचा महासंगणक भारतास देण्याचें नाकारल्यावर १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, व अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं 'परम ८०००' सिद्ध झाला. त्याच घराण्यांतील 'परम ब्रह्म' हा २०१९ सालीं पुण्याच्या आयसर संस्थेंत बसविला गेला. त्यांत पाण्याच्या नळ्या थेट चिपांच्या अंगाला भिडविल्या आहेत. पाणी तेंच तें फिरत असतें. हें ऐकून आमच्या मित्राच्या आईनें विचारलें, "म्हणजे रोज किती हंडे?" ज्या भागांत वैशाखांत बायांना पाण्यासाठीं कोस कोस चालावें लागतें तेथील हा प्रश्न आहे. घरगुती पाण्याच्या यंत्रणेंत एकदां भरलेलें लिटरभर पाणी वर्ष-दोन वर्षें पुरतें, असें आम्हीं सांगितलें. तरी ७५ वॅटांच्या कार्डास ती घेणें म्हणजे शेळी बांधावयास हत्तीचा साखळदंड आणणें होय. ४५० वॅटांचीं कार्डें २०२२ पासून निघालीं आहेत, त्यांची गोष्ट वेगळी.

एक गोष्ट राहिली, व ती स्वस्तांतली स्वस्त. संगणकाची पेटी भिंतीस चिकटून होती. मागून निघालेली ऊन हवा भिंतीवर आपटून पुन्हां आंत जात होती. आपल्याकडील जुन्या घरांत कारवीच्या कुडाच्या फटींतून चुलीचा धूर बाहेर जातो. सिमेंटच्या बंद खोलींत तीच चूल डोळ्यांत पाणी आणते. पेटी भिंतीपासून वीतभर पुढें ओढली, झांकण पुन्हां लावलें, व समोरच्या जाळीवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा धुळीसाठीं ताणला. तो दर पंधरवड्यास धुवावा लागतो.

तिन्ही चित्रफिती पोंचल्या. ज्या घरीं मुदत मागितली होती तेथें एक दिवस आधींच. पडवीच्या भिंतीवर आतां खडूनें दोन रकाने आंखलेले आहेत, एक खोलीचा व एक कार्डाचा, आणि दर शनिवारीं त्यांत आंकडे पडतात. आई रोज काम संपल्यावर पेटीवर जुनें लुगडें झांकते, धूळ जाऊं नये म्हणून. सुरू करण्यापूर्वीं तें काढावयाचें विसरलें तर सारी हवा कोंडेल, हें तिला सांगावें लागलें नाहीं. रकान्यांच्या वरतीं तिनेंच मुलाकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलें आहे: 'आधीं लुगडें, मग बटण.'